तांडा उजव्या हाताला

चहा अजून गरम होता आणि संगीता आडेच्या स्क्रीनवर अख्खी पृथ्वी पिवळी झाली होती.

पिवळा रंग म्हणजे गावठाणाचा दावा. ज्या वस्तीनं जेवढी हद्द मागितली तेवढा तुकडा पिवळा दिसायचा, एवढं साधं ते काम. यवतमाळच्या त्या ऑफिसात संगीता दिवसभर असे तुकडे तपासायची. आज तिनं हौसेनं आपल्याच तांड्याचं नाव दाबलं होतं. पळसखोरी तांडा, मुकुटबनच्या पुढं, सागाच्या जंगलाला लागून. ती तिथंच जन्मली, तिथंच तिची याडी, म्हणजे आई, मानीबाई अजून राहते आणि बाप धावजी तिथला नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख आहे. नाव दाबलं आणि पिवळा रंग जो सुटला तो थांबेचना. केळापूर गेलं, यवतमाळ गेलं, दारव्हा गेलं, समुद्र गेला, पलीकडचे देशही गेले. संगीता ज्या खुर्चीत बसली होती ती खुर्चीसुद्धा आता पळसखोरी तांड्याच्या हद्दीत होती.

स्क्रीन बिघडली असं तिला आधी वाटलं. मग त्या पिवळ्या पसाऱ्यात एक पांढरा ठिपका दिसला. तिनं तो मोठा करून पाहिला. नाल्याचं वळण, टेकडीचा उतार, सेवालाल महाराजांच्या देवळामागची ती आत गेलेली कड. ही रेघ तिनं झोपेतही ओळखली असती. तांड्यानं सारं जग मागितलं होतं आणि नेमका तांडा सोडून दिला होता.

संगीताला हसू आलं, खोटं कशाला बोला. पण मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. 'वस्तीची हद्दीत येणारी घरे: एकही नाही. दावा नामंजुरीसाठी वर पाठवला.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

तांड्याची गोष्ट अशी होती. बैलांच्या पाठीवर माल वाहणारे हे लोक कधीकाळी इथं थांबले, ते थांबलेच. घरं बांधली, कापूस-तूर लावली, लेकरं शाळेत घातली. पण सरकारी नकाशावर तिथं जंगलच राहिलं. यंदा पहिल्यांदा सांगितलं गेलं, की वस्तीच्या प्रमुखानं हातात जीपीएसची मशीन घेऊन आपल्या हद्दीभोवती चालावं. त्या फेऱ्याच्या आत जी घरं येतील ती गावठाणात. ज्या वस्तीचा दावा फेटाळला जाईल ती अतिक्रमण, आणि अतिक्रमणाचं पुढं काय करतात ते कुणाला सांगावं लागत नाही. शेजारच्या एका वस्तीवर जेसीबी आला होता. तिथल्या चुली अजून उघड्यावर दिसतात.

आणि हा दावा संगीताच्याच हाताखालून गेला होता, कारण सगळ्या हद्दी जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत बदलायचं काम तिच्याकडं होतं.

तिनं इंद्रजीतला बोलावलं. इंद्रजीत म्हणजे गावोगाव मशीन घेऊन जाणारा मोजणीच्या कंपनीचा माणूस. तब्येतीनं भरलेला, सावली दिसली की बसणारा. त्यानं स्क्रीन जवळ ओढून पाहिली.

"पण मागच्या महिन्यात बरोबर दिसत होतं ना?" तो म्हणाला.

"तेव्हा जुन्या पद्धतीत होतं."

यातली मेख समजायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. जुन्या पद्धतीत जमीन कागदासारखी सपाट मानलेली. कागदावर गोल काढला तर आत काय आणि बाहेर काय हे लेकरूही सांगेल. नव्या पद्धतीत पृथ्वी खरोखरची, म्हणजे संत्र्यासारखी गोल धरलेली. आता संत्र्यावर पेनानं रिंगण काढा आणि सांगा, आतली बाजू कुठली? रिंगणाच्या या बाजूलाही साल आणि त्या बाजूलाही सालच. म्हणून मशीनला एक नियम शिकवून ठेवला होता: चालणाऱ्याच्या डाव्या हाताला जे येईल ते आत, उजव्या हाताला ते बाहेर. सपाट पद्धतीला चालणाऱ्याची दिशा कधी लागलीच नव्हती, म्हणून कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

"मी सांगितलं होतं सगळीकडं," इंद्रजीत म्हणाला, "वस्ती डाव्या हाताला ठेवून चाला. सूचनेत लिहिलंय तसंच."

"आमच्या तांड्यात तू मागं चालला होतास का?"

इंद्रजीतनं डोकं खाजवलं. "बाबा म्हणाले, तुम्ही बसा मोहाखाली, मी घालून येतो फेरा. मी बसलो."

संगीतानं बापाला फोन लावला. पलीकडं बकऱ्यांचा आवाज येत होता.

"बापू, मशीन घेऊन चालला तवा तांडा कोन्या हाताले होता?"

"उजव्या," धावजी म्हणाला. "काहून?"

"इंद्रजीतनं डाव्या हाताले सांगतलं होतं ना?"

"सांगतलं असन. आतमंदी महाराजाचं देऊळ हाये, देवाले डाव्या हाताले कोन ठेवते? तू शिकून हे काय इचारून राह्यली?"

लहानपणापासून तीही त्या देवळाला उजवाच फेरा घालत आली होती.

दुरुस्ती तशी चुटकीसरशी होती. सगळे बिंदू तेच ठेवायचे, फक्त क्रम उलटा करायचा, शेवटचा पहिला आणि पहिला शेवटचा. तिनं वेगळ्या प्रतीवर करून पाहिलं. पिवळा रंग जगभरातून गोळा होऊन तांड्यावर येऊन बसला, सगळी घरं आत. बोट बटणावर होतं. पण मूळ दावा आता तिचा राहिला नव्हता. तो पांढरकवड्याला सुरभी मॅडमच्या टेबलावर पोचला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सही होऊन पडली की विषय संपला. संगीता मिळेल त्या जीपमध्ये बसून दुपारीच तिथं जाऊन थडकली.

सुरभी मॅडम दावे तपासणाऱ्या अधिकारी. वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही नकाशे पाहिले.

"चूक कळली मला," त्या म्हणाल्या. "तांड्याचा नायक तुमचा कोण?"

"वडील."

मॅडमनी नकाशा खाली ठेवला. "मग तुम्ही क्रम उलटा केला हे मी मान्य कसं करू? मुलीनं ऑफिसात बसून बापाचा दावा फिरवला, असंच म्हणतील. आणि तसं म्हटलं तर तांड्याच्या दाव्याला कायमचा डाग लागेल."

"मॅडम, बिंदू तेच आहेत हो."

"मला पटतंय. कागदाला पटत नाही. उद्या सकाळी मी स्वतः येते. नायकांनी माझ्यासमोर पुन्हा चालावं, सगळे चालले तसंच, वस्ती डाव्या हाताला. तिथंच तपासून मी मंजूर करते. नाही चालले तर मला आहे त्या दाव्यावर नामंजुरीची सही करावी लागेल."

म्हणजे फक्त उलट दिशेनं चालायचं. एवढंच ना, असं मॅडमच्या तोंडावर लिहिलेलं होतं. संगीतानं मान हलवली खरी, पण बाहेर आल्यावर ती पायरीवरच बसली.

कारण तांड्यात डाव्या हाताचा फेरा एकाच वेळी घालतात. सरणाभोवती.

संध्याकाळी तांड्यावर जाऊन तिनं घरी सांगितलं तेव्हा मानीबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी जळेपर्यंत तसाच राहिला. धावजी तर तिच्याकडं असा पाहत राहिला, जणू ही पोरगी आपली नव्हेच. घरात सगळे गोरमाटी ही बंजारा बोली आणि वऱ्हाडी, दोन्ही बोलत, पण रागाच्या वेळी धावजीच्या तोंडी वऱ्हाडीच यायची.

"जित्या तांड्याले?" तो म्हणाला. "लेकरं खेळून राह्यली आतमंदी, अन् म्या त्यायच्या भोवती तो फेरा घालू?"

"बापू, मशीनले काही समजत नाही. तिचा एक नियम हाये फक्त."

"मशीनले नाही समजत. मले समजते. तो फेरा म्या घातला हाये, संगीता. तुह्या भावासाठी घातला."

संगीताचा भाऊ प्रेम जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचं नाव न घेताही घरात तो असा मध्येच येऊन उभा राहायचा.

"दुसरं कोनी चाललं तं?" संगीतानं विचारलं.

"कोनीबी चाललं तरी तांडा तोच ना."

"नाही चाललो तं घरं जातीन, बापू. याडीचं हे घर जाईन."

धावजी उठून बाहेर गेला. मानीबाईनं जळकी भाकरी कुत्र्याला टाकली आणि दुसरी थापायला घेतली, पण तिच्या हाताला काही गोल येईना.

सकाळी मॅडमची गाडी आली तेव्हा सगळा तांडा देवळापाशी जमला होता. कुणी रामराम केला नाही. बातमी रात्रीच घरोघर गेली होती, आणि बायका पोरांना कडेला घट्ट धरून उभ्या होत्या. हद्द जिथं सुरू होते तिथं मोहाच्या झाडाखाली इंद्रजीतनं टेबल मांडलं, मॅडमसाठी टॅबलेट ठेवला. चालणाऱ्याचा ठिपका त्यावर दिसणार होता. धावजी पांढरंशुभ्र धोतर नेसून आला, अनवाणी. तो नाही म्हणणार, संगीताला वाटलं. नाही म्हणायलाच तो इतका नीट तयार होऊन आलाय.

"चालणार ना, बाबा?" मॅडमनी विचारलं.

"चालतो," धावजी म्हणाला. "तुमाले हवं तिकडूनच जातो."

त्यानं मशीन हातात घेतली आणि हद्दीवर उभा राहिला. तोंड मात्र उलटीकडं केलं, पहिल्या वेळी चालला होता त्याच दिशेला. तांडा त्याच्या उजव्या हाताला आला. इंद्रजीत सांगायला उठला, "बाबा, तिकडं नाही, इकडं."

धावजीनं एक पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. मग तिसरं.

तो मागं मागं चालत होता. पाय मॅडमनी सांगितलेल्या दिशेला, तोंड दुसऱ्या दिशेला, आणि तांडा उजव्या हाताला. देवासमोरून निघताना माणूस पाठ न दाखवता सरकतो, अगदी तसा. फक्त हे सरकणं देवळाच्या दारापर्यंतचं नव्हतं, अख्ख्या तांड्याभोवतीचं होतं. नाला, टेकडी, काटेरी झुडपं, सगळं धरून.

मॅडम उभ्याच राहिल्या होत्या.

"हे चालेल?" त्यांनी हळूच विचारलं.

इंद्रजीतनं टॅबलेटवरचा ठिपका पाहिला. ठिपका बरोबर जात होता. "मशीनला पाऊल कुठं पडलं ते कळतं," तो म्हणाला, "तोंड कुठं आहे ते नाही कळत."

धावजी दिसेनासा व्हायच्या आधीच पहिल्यांदा पडला. दगडाला टाच लागली आणि म्हातारा बसकण मारून खाली आला. मशीन त्यानं छातीशी धरून वाचवली. त्याच्या पाठीमागं, वाटेत पुढं, नाल्याची दरड होती आणि ती त्याला दिसायची नव्हती. संगीतानं कुणाला विचारलं नाही. ती धावली, त्याच्या पाठीमागं गेली, म्हणजे वाटेच्या पुढं, आणि बापाला वाट सांगत चालू लागली.

"डावीकडं घे, बापू."

धावजी आपल्या डावीकडं सरकला आणि त्याचा पाय दरडीच्या कडेवरून सुटला. मातीचं एक ढेकूळ गडगडत खाली पाण्यात पडलं. संगीतानं मागून त्याला कवेत धरलं नसतं तर मातीमागं तोही गेला असता. दोघंही तिथंच धापा टाकत राहिले. तिचं डावं ते त्याचं उजवं होतं. दिवसभर हद्दी इकडच्या तिकडं करणाऱ्या पोरीला हे आधी सुचू नये, याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"डावं-उजवं नको सांगू," धावजी म्हणाला. "तांडा अन् रान एवढंच सांग."

मग तसंच सुरू झालं. "तांड्याकडं घे, बापू. आता रानाकडं. रानाकडं अजून. दगड हाये, पाय उचल." नाल्यातून, टेकडीच्या उतारावरून, बोरीच्या काट्यांतून. आत तांड्यातली माणसं त्यांच्याबरोबर सरकत नव्हती, जागच्या जागी उभं राहून नुसती मान वळवत होती. धावजीचं सगळं लक्ष तांड्याच्या कौलांवर आणि देवळाच्या पांढऱ्या झेंड्यावर होतं. टाचा फुटून रक्त आलं होतं, धोतर चिखलानं भरलं होतं. एकदा तो थांबला तेव्हा संगीताला वाटलं आता होत नाही. "बस जराशीक," ती म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली आणि पाय मागं टाकला.

उतरणीवर आल्यावर संगीताला ते कळलं. लख्ख कळलं, आणि तिचं पाऊल अडखळलं. बापाला वाट दाखवायची तर कुणाला तरी पुढं बघूनच चालावं लागणार होतं. आणि पुढं बघून चालणाऱ्याच्या डाव्या हाताला तांडा होता. बापानं जो फेरा टाळण्यासाठी टाचा फोडून घेतल्या, तोच फेरा ती आपल्या आईच्या घराभोवती, भावाच्या तांड्याभोवती सकाळपासून घालत होती.

तिला थांबता येत नव्हतं. थांबली तर बाप पडणार, फेरा अर्धा राहणार, दुपारी सही होणार. "तांड्याकडं घे, बापू," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

मोहाच्या झाडापाशी फेरा जुळला तेव्हा धावजीला दोघांनी धरून बसवलं. इंद्रजीतनं तिथंच नवी हद्द नव्या पद्धतीत चढवली. सगळे टॅबलेटवर वाकले. क्षणभर काहीच झालं नाही. मग तांडा पिवळा झाला. केळापूर पांढरं, यवतमाळ पांढरं, समुद्र आपल्या जागी. खाली ओळ आली: 'वस्तीची हद्दीत येणारी घरे: सर्व.'

मॅडमनी उभ्या उभ्याच मंजुरी दिली आणि धावजीच्या पायांकडं पाहून बाटलीतलं पाणी स्वतः त्याच्या टाचांवर ओतलं. कुणीतरी झालं झालं म्हणालं, पोरं हात सोडवून धावत सुटली, बायकांचे आवाज मोठे झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा इंद्रजीत सावली सोडून उन्हात उभा होता. संगीता मशीन हातात घेऊन तांड्यात शिरायला निघाली.

मानीबाई आडवी आली.

ती रागावलेली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाकी सगळे धावजीला बघत होते तेव्हा आईनं लेकीला पाहिलं होतं.

"तू तोंड पुढं करून चालली," मानीबाई म्हणाली.

"हो, याडी."

"तांडा कोन्या हाताले होता तुह्या?"

संगीतानं हातातल्या मशीनकडं पाहिलं. धावजीनं वर पाहिलं. त्याच्या ध्यानात आता आलं, आणि त्याचा चेहरा पाहवेना. ज्या दगडावर बसला होता त्यावरून तो उठायला गेला, पण टाचांनी त्याला उभं राहू दिलं नाही.

"म्या तुले काहून येऊ देल्लं," तो पुटपुटला. "म्या पाह्यलंच नाही."

"तू तांडाच पाहून राह्यला होता, बापू," संगीता म्हणाली. "कोनीतरी वाट पाह्याले लागत होतं."

मानीबाईनं लेकीला आत येऊ दिलं नाही. तिनं पदर खोचला, पायातल्या चपला काढून मोहाच्या बुडाशी ठेवल्या, हद्दीच्या रेघेवर येऊन उभी राहिली आणि संगीताचे खांदे धरून तिला वळवलं, तांडा उजव्या हाताला येईल असं. म्हातारीची पकड घट्ट होती.

"आता माह्यासंग चाल," ती म्हणाली. "पुरा फेरा. तवाच घरात."

संगीतानं सँडल काढल्या. हातातली मशीन बंद आहे ना ते दोनदा बघितलं, ती इंद्रजीतकडं दिली आणि आईबरोबर पाऊल टाकलं.